नऊ टनांचा अडकित्ता

संपादकांचे पत्र आले त्यात एवढाच मजकूर होता, की दूरचित्रवाणीवर एकमेकांची हाडे मोडून नामांकित झालेल्या लोखंडी मल्लांमध्ये श्रेष्ठ कोण आणि पुढे त्यांची गत काय झाली, याची साद्यंत हकीकत वाचकांपुढे ठेवावी. विषय पाहून प्रथम मी नाक मुरडले; परंतु हुकूम अमलात आणण्यासाठी म्हणून जुन्या लढतींची चित्रमुद्रणे पाहावयास बसलो, आणि घरच्या मंडळींनी माझ्या बुद्धीविषयी उघड शंका घेईपर्यंत पंधरा रात्री तेथून उठलो नाही. त्यातही एका यंत्रापाशी मी असा अडकलो, की बाकीच्यांना न्याय देण्याचे काम या लेखात पुरते झालेले नाही, हे आरंभीच कबूल करतो.

इतिहास थोडक्यात आटोपतो. दिग्दर्शक ल्युकासच्या चित्रपटसंस्थेत प्रतिकृती घडविणाऱ्या मार्क थॉर्प नावाच्या कारागिराने 1992 च्या सुमारास दूरनियंत्रणावर चालणारा केर ओढण्याचा यंत्रबंब करून पाहिला. केर निघाला नाही, पण त्या खटपटीतून यंत्रांच्या झुंजीची कल्पना निघाली, आणि ऑगस्ट 1994 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्ट मेसन येथे ‘रोबो वॉर्स’चा पहिला फड भरला. पुढे भागीदारांत बिनसले, प्रकरण कोर्टात गेले आणि अमेरिकेतला फड मोडला. मधल्या काळात ही कल्पना अटलांटिक ओलांडून गेली होती. 1998 मध्ये बीबीसीने तिला घरोघरी पोहोचविले. तिकडे अमेरिकेत ट्रे रॉस्की आणि ग्रेग मन्सन या चुलतभावांनी 1999 मध्ये ‘बॅटलबॉट्स’ उभारले आणि वर्षभरात तेही दूरचित्रवाणीवर आले.

यांना रोबो म्हणण्याचा शिरस्ता असला, तरी त्या शब्दाने फसू नये. पारदर्शक भिंतीपलीकडे उभ्या असलेल्या माणसाचे दोन अंगठे त्याला हलवितात. त्याच्या पोटात निर्णय नाही, केवळ आज्ञापालन आहे. म्हणून यांची जात शोधावयाची तर ती प्रयोगशाळेपेक्षा स्वयंपाकघरात अधिक लवकर सापडते. जेमी हायनमन याने केलेला ब्लेंडो म्हणजे शब्दशः एक पालथी कढई होती: चिनी पद्धतीच्या कढईचे कवच, आत गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन, आणि सगळे कवचच गरगर फिरणारे, कडेला बसवलेली पाती समोर येईल त्याचे तुकडे उडविणारी. 1995 मध्ये हे तुकडे रिंगणाची भिंत ओलांडून जाऊ लागले तेव्हा आयोजकांनी त्याला स्पर्धेतून काढले आणि वर सहविजेतेपद देऊन बोळवण केली. शिक्षा आणि सन्मान एकाच कागदावर दिल्याचा दाखला अन्यत्र क्वचितच मिळेल. जॉर्ज फ्रान्सिसचा केऑस टू हे उलथणे होते. दाबलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या एका फुत्काराने प्रतिस्पर्ध्याला थालीपिठासारखा उलटविणारे. फायरस्टॉर्म नावाच्या यंत्राला त्याने रिंगणाच्या भिंतीबाहेर फेकले, तसे त्यापूर्वी कोणी केले नव्हते, आणि बीबीसीच्या स्पर्धेचे विजेतेपद दोनदा मिळविणाराही तोच एक. कार्लो बर्टोचिनीचा बायोहझार्ड पाटासारखा बसका, जमिनीला चिकटलेला, तळाशी शिरून प्रतिस्पर्ध्याला शांतपणे उचलणारा. रोझ कुटुंबाचे हिप्नो-डिस्क म्हणजे फिरते जाते. ज्याला शिवले त्याचा भुगा केला, प्रेक्षकांचा तो लाडका होता, आणि विजेतेपद मात्र त्याच्या नशिबी कधीच आले नाही.

ज्याच्यापाशी मी अडकलो ते यंत्र अडकित्ता होय. त्याचे नाव रेझर. इयन लुइस, सायमन स्कॉट आणि व्हिन्सेंट ब्लड या तिघा इंग्रजांनी ते घडविले. आपल्याकडे जुन्या पानदानातले अडकित्ते पोपटाच्या वा मोराच्या आकाराचे असत, आणि सुपारी फोडण्याच्या कामाला इतक्या देखणेपणाची गरज काय, असे ते पाहताना वाटे. रेझर पाहताना नेमके तेच वाटते. लांब वक्र मान, पुढे ससाण्याची चोच, बाजूंना उलटल्यावर सावरण्यासाठी ठेवलेले पंख, आणि खाली पाचरीसारखे पसरट अंग. इतर यंत्रे गॅरेजातून आल्यासारखी दिसत. हे शिल्पकाराच्या हातून सुटून आल्यासारखे दिसे.

त्याच्या पोटात तेल होते. विजेच्या मोटरीवर चालणारा पंप तेलाला दाब देई, ते तेल दट्ट्याला रेटी, आणि दट्ट्या मानेला खाली ओढी. तेल दाबले तरी आकसत नाही, म्हणून दट्ट्याच्या रुंद माथ्यावर जमलेला सगळा दाब चोचीच्या टोकाशी एका बिंदूत उतरे. निर्मात्यांच्या सांगण्याप्रमाणे तो नऊ टनांच्या घरात जाई. पण ही शक्ती सावकाश येणारी होती. आपटणे, भिरकावणे, खणखणाट यांपैकी काही नाही; प्रतिस्पर्धी पकडीत सापडला, की चोच मुंगीच्या पावलाने खाली उतरे, पत्र्याला टेके, क्षणभर तो पत्रा नुसता वाके, आणि मग भोक पडे. त्या विलंबात जी दहशत होती ती कोणत्याही चक्राच्या आघातात मला आढळली नाही. पोलादाला विचार करावयास मुदत दिल्यासारखे ते दृश्य असे.

आणि तरीही हे यंत्र बीबीसीच्या स्पर्धेत दुसऱ्या मोसमापासून येत असताना किताब मिळाला तो पाचव्या मोसमात, बिगर ब्रदरला नमवून! ज्याच्याजवळ सर्वांत मोठे बळ, त्याला सर्वांत उशिरा यश, याचे कारण त्या बळाच्या स्वभावातच होते. अडकित्त्याला सुपारी हातात धरलेली लागते. पळती सुपारी फुटत नाही. सहाव्या मोसमाच्या अंतिम लढतीत टॉर्नेडोच्या चमूने हे मर्म ओळखून आपल्या ठोकळेबाज यंत्राभोवती एक लोखंडी चौकट बांधून आणली, ज्यामुळे चोच अंगापर्यंत पोहोचूच नये. आणि साध्या रेटारेटीच्या जोरावर किताब नेला. नियमांत बसणारी ती युक्ती होती, यात वाद नाही. मल्लाने अंगाला तेल चोपडून यावे आणि पंचांनी ते चालवून घ्यावे, तसे मला ते पाहताना वाटले. परंतु माझा पक्षपात वाचकांच्या ध्यानात आलाच असेल.

बीबीसीवरून खासगी वाहिनीवर गेलेला तो कार्यक्रम 2004 मध्ये बंद पडला. त्यानंतर अमेरिकेत 2015 पासून जो नवा डाव मांडला गेला त्यात राज्य चक्राचे झाले. लिथियमच्या विजेऱ्यांनी आणि नव्या धाटणीच्या हलक्या मोटरींनी पोलादी पाते काही क्षणांत अशा वेगाला नेता येऊ लागले, की सारी साठविलेली ऊर्जा एका निमिषात खर्च व्हावी. रे बिलिंग्जच्या टूमस्टोनचे आडवे पाते लागले, की प्रतिस्पर्धी एकीकडे आणि स्वतः टूमस्टोन दुसरीकडे भिरकावला जाई, कारण आघाताची परतफेड त्याला स्वतःच सोसावी लागे. उभ्या चक्राची गोष्ट निराळी. ते खालून वर मारते आणि परतफेड जमीन पेलते. पॉल व्हेंटिमिलिया या तरुणाने हे गणित पुरते ओळखले. याच गृहस्थाच्या चमूने 2009 मध्ये चंद्रावरची माती उकरण्याच्या यंत्रासाठी नासाने ठेवलेले पाच लाख डॉलरचे पारितोषिक जिंकले होते. त्याच्या बाइट फोर्सने 2015 चा किताब टूमस्टोनला हरवून घेतला, तोही पकडून उचलणाऱ्या जबड्याच्या बळावर. आणि विजेता असतानाच त्याने तो जबडा काढून टाकला, त्या जागी उभे चक्र बसविले, आणि 2018 व 2019 असे आणखी दोन किताब मिळविले. चाव्यावरून पडलेले नाव तेवढे यंत्रावर राहिले.

श्रेष्ठ कोण, या संपादकांच्या प्रश्नाला तेव्हा उत्तर द्यावयाचे तर रोकड्या हिशेबात बाइट फोर्सचेच नाव लिहावे लागते, आणि ते लिहिताना माझा हात जड होतो. एक शस्त्र सरस ठरले, की चार मोसमांत निम्मा आखाडा त्याचीच नक्कल करू लागतो. उलथणी, अडकित्ते, पाट मागे पडतात आणि लढत सुरू होण्याआधीच ती कशी संपेल याचा अदमास येतो. खर्चाची बाब वेगळीच. दोनशे वीस पौंडांच्या जागी अडीचशे पौंडांचे, म्हणजे 113 किलोंचे यंत्र, त्याचे सुटे भाग, प्रत्येक लढतीनंतर नवा पत्रा. आणि चक्र जितके भयंकर, तितकी पॉलिकार्बोनेटची भिंत जाड, आखाडा महाग, आणि आखाड्याचा बंदोबस्त करू शकणारे यजमान थोडे. लिथियमची विजेरी फुटली, तर ती विझविणे कठीण, आणि धूर विषारी; तीन मिनिटांच्या लढतीनंतर माणसे कितीतरी वेळ धूर ओसरण्याची वाट पाहत उभी राहतात. यंत्रे घडविणाऱ्यांपैकी फार थोड्यांना यातून पोट भरता आले. ब्लेंडोवाला हायनमन विज्ञानाच्या कसोट्या घेणाऱ्या ‘मिथबस्टर्स’मध्ये गेला, डेडब्लो हे हातोड्याचे यंत्र करणारा ग्रँट इमाहाराही तेथेच गेला आणि 2020 मध्ये अकाली वारला.

ब्रिटनच्या लढतींचे पंच, शेफील्ड विद्यापीठाचे तेव्हाचे प्राध्यापक नोएल शार्की, यांची वाट मला अधिक बोलकी वाटते. वर्षानुवर्षे ज्यांनी पोलादी झुंजींचे फैसले दिले, त्यांनीच 2009 मध्ये रोबोशस्त्रांवर निर्बंध आणण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय समिती स्थापण्यात पुढाकार घेतला. आखाड्यातल्या यंत्रामागे भिंतीपलीकडे माणूस उभा असे. रणांगणातल्या यंत्रामागे तो उरेलच, याची खात्री कोणी द्यावी, ही त्यांची चिंता.

बीबीसीने 2016 मध्ये ग्लासगोला पुन्हा फड भरविला, तेव्हा जुन्या मल्लांबरोबर रेझरही आला होता. प्रेक्षकांत त्याला लहानपणी पाहिलेले आता बाप झालेले लोक होते, आणि त्याच्या नावाचा पुकारा झाल्यावर जो जल्लोष उठला तो मी चित्रमुद्रण मागे नेऊन पुन्हा ऐकला. पहिल्याच सामूहिक लढतीत तो बाद झाला. त्याच गटात कार्बाइड नावाचे नवे आडवे पाते होते. ते अंतिम फेरीपर्यंत गेले आणि पुढल्या मोसमात विजेते ठरले. 2018 मध्ये बीबीसीने तोही फड आवरता घेतला.