गुडघेबदल शस्त्रक्रिया आणि गांजा-भांगेचे सेवन

गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया सहसा तातडीची नसते. तारीख आधी ठरते, तपासण्या होतात आणि भूलतज्ज्ञ रुग्णाची चौकशी करतो. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, दारू यांविषयी हमखास विचारले जाते. गांजा-भांगेचा प्रश्न मात्र पुष्कळदा राहूनच जातो. आणि विचारला तरी मुलगा-सून शेजारी उभी असताना घरातील वडीलधारा माणूस 'हो' म्हणणे कठीण. प्रस्तुत लेखाचा विषय हे मौन आहे, कारण त्याची किंमत भुलेच्या वेळी मोजावी लागते.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात २०१४ पासून प्रौढांना गांजा दुकानांतून कायदेशीरपणे मिळतो. तेथील २०१९ च्या एका अभ्यासात दुर्बिणीने तपासणी झालेल्या २५० रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. नियमित गांजा घेणाऱ्यांना प्रोपोफॉल हे गुंगीचे औषध २२० टक्के अधिक लागले होते. असे रुग्ण अवघे २५ होते व शस्त्रक्रिया गुडघ्याची नव्हती, म्हणून आकडा जपूनच घ्यावा. परंतु हेच औषध गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतही वापरतात. हृदयाचा धोका याहून गंभीर आहे. गांजा ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता सुमारे ४.८ पट वाढते, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या एका संस्थेने २०२३ मध्ये सल्ला दिला की, भूल देण्यापूर्वी प्रत्येक रुग्णाला याविषयी विचारावे आणि गांजा ओढला असल्यास तातडीची नसलेली शस्त्रक्रिया किमान दोन तास पुढे ढकलावी.

मग नवा सांधा गांजामुळे लवकर निकामी होतो काय? येथे संशोधकांत एकमत नाही. अमेरिकेतील सरकारी आरोग्यविम्याच्या नोंदींवरून २०१८ मध्ये असे दिसले की, गांजा घेणाऱ्यांत सांधा पुन्हा बदलण्याचे प्रमाण अधिक आहे. उलट पुढच्याच वर्षी, स्वतःहून सेवन सांगणाऱ्या ७१ रुग्णांच्या अभ्यासात ठळक फरक आढळला नाही. आमच्या मते या विसंगतीचे मूळ मोजणीत असावे. विम्याच्या कागदावर बहुधा व्यसनी माणूसच नोंदला जातो आणि त्याला तंबाखूचीही सवय असू शकते. स्वतःहून सांगणाऱ्यांत अधूनमधून घेणारेही येतात. तेव्हा दोष गांजाचा की सोबतच्या सवयींचा, हे अशा नोंदींवरून ठरवता येत नाही.

आपल्याकडे प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गांजा व चरस यांवर बंदी घातली, पण शेंड्यांविना असलेली पाने त्यातून वगळली. म्हणून इंदूर-उज्जैनकडे भांग परवान्याच्या दुकानांत मिळते. आयुर्वेदात हीच वनस्पती 'विजया' या नावाने ओळखली जाते आणि तिच्यापासून केलेली वेदनाशामक औषधे चिठ्ठीवर दिली जातात. सांधेदुखीसाठी विजयेची गोळी घेणारी आजी स्वतःला नशा करणारी का समजेल? 'नशा करता का?' या प्रश्नाला ती प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते. म्हणून भांग, ठंडाई, विजया अशी नावे घेऊनच विचारले पाहिजे.

रोज घेणाऱ्याने रुग्णालयात एकदम थांबवल्यास चिडचिड, निद्रानाश, अन्नावरची वासना उडणे अशी लक्षणे दिसू शकतात, आणि नेमके तेव्हाच चालण्याचा व्यायाम सुरू झालेला असतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉर्फरिनचा परिणामही गांजाने वाढू शकतो. नातेवाइकांनी चौकशीच्या वेळी दहा मिनिटे बाहेर थांबावे. रुग्णाने भूलतज्ज्ञाला काय घेतो, किती घेतो आणि शेवटचे कधी घेतले, एवढे सांगावे.