परदेशात अटक झाली तर?

नोकरी-शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या आपल्या माणसाला तिथे अटक झाली की घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं. अशा वेळी ऐकीव माहितीच जास्त घात करते.

गैरसमज : अटकेची खबर दूतावासाला आपोआप जाते.
वस्तुस्थिती : १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नुसार, परदेशी नागरिकाला अटक केल्यावर पोलिसांनी त्याला दूतावासाशी संपर्काचा हक्क विनाविलंब सांगायलाच हवा. दूतावासाला कळवणं बंधनकारक होतं ते त्याने तशी मागणी केल्यावर. म्हणून ही मागणी स्पष्ट शब्दांत आणि लगेच करायची.

गैरसमज : हेरगिरीचा आरोप असेल तर हा हक्क उरत नाही.
वस्तुस्थिती : पाकिस्तानने हाच युक्तिवाद कुलभूषण जाधव यांच्याबाबत केला. महाराष्ट्राचे सुपुत्र आणि नौदलाचे निवृत्त अधिकारी असलेल्या जाधव यांना तिथल्या लष्करी न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये फाशी सुनावली. तोवर भारतीय अधिकाऱ्यांना त्यांना भेटू दिलं नव्हतं. १७ जुलै २०१९ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तो युक्तिवाद फेटाळला आणि पाकिस्तानने कलम ३६ मोडल्याचा निर्वाळा दिला.

गैरसमज : दूतावास माणसाला सोडवून आणतो.
वस्तुस्थिती : खटला त्या देशाच्या कायद्यानेच चालतो. दूतावासाचे अधिकारी तुरुंगात भेटू शकतात, वकील मिळवून देऊ शकतात. जाधव यांच्या सुटकेची भारताची मागणीही हेगला मान्य झाली नाही. त्याऐवजी शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, असा आदेश निघाला. तेवढ्यानेही फाशी थांबली, हे विसरता कामा नये.

गैरसमज : भारतात आलेल्या परदेशी माणसाला आपली राज्यघटना लागू नाही.
वस्तुस्थिती : भाषणस्वातंत्र्यासारखे कलम १९ चे हक्क फक्त नागरिकांना आहेत. पण समानतेचं कलम १४ आणि जीविताचं कलम २१ प्रत्येक व्यक्तीसाठी आहे. हावडा स्थानकावर बलात्काराला बळी पडलेल्या बांगलादेशी महिलेला १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये याच कलम २१ च्या आधारे कायम केला.

आपल्या माणसासाठी परक्या देशाकडे न्याय मागायचा, तर आपल्या पोलीस ठाण्यात बसलेल्या परक्यालाही तो मिळालाच पाहिजे.