टेप नवा, अ‍ॅम्प कंपनीचा

स्क्रीन लागते, नकाशा दिसतो, ब्लूटूथला फोन जोडला जातो, गाण्याचं नावही पट्टीवर सरकत राहतं. आवाज मात्र नाही. किंवा आहे, पण कान लावून ऐकावा इतका. किंवा सेल्फ मारल्याबरोबर त्यात बारीक शिट्टी मिसळते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबाल तशी चढत जाते. शहाड, उल्हासनगर, कल्याण पट्ट्यात जुनी गाडी घेऊन तिला मोठा अँड्रॉइड टेप बसवण्याची हौस भरपूर आहे. (स्टिरिओ म्हणा, हेड युनिट म्हणा, आपल्याकडे कॅसेट गेली तरी तो टेपच राहिला.) साध्या गाडीत हे काम तासाभरात उरकतं. अडतं ते वरच्या मॉडेलमध्ये, जिथे कंपनीनेच वेगळा अ‍ॅम्प्लिफायर दिलेला असतो.

२०१९ मध्ये आलेल्या टाटा हॅरियरच्या वरच्या मॉडेलला जेबीएलचे नऊ स्पीकर आणि अ‍ॅम्प होता. किया सेल्टोसच्या आणि २०२० च्या ह्युंदाई क्रेटाच्या महागड्या मॉडेलना बोसचे आठ स्पीकर, महिंद्रा एक्सयूव्ही७०० च्या वरच्या मॉडेलला सोनीचे बारा. अशा गाडीत टेपमधून निघालेली वायर थेट स्पीकरला जात नाही. ती आधी सीटखाली, डिकीच्या बाजूच्या पत्र्यामागे किंवा डॅशबोर्डच्या पोटात दडवलेल्या एका डब्याकडे जाते आणि तिथून स्पीकरकडे. टेप बदलला की मधला हा डबा तसाच राहतो, आणि त्याचं नव्या टेपशी जमायला तीन गोष्टी लागतात: त्याला कोणीतरी जागं करायला हवं, त्याला समजेल अशा ताकदीचा सिग्नल मिळायला हवा, आणि दोघांची अर्थ (म्हणजे बॉडीला दिलेली निगेटिव्ह) एकच हवी. ‘अ‍ॅम्प गेला’ असं कोणी सांगितलं, तरी नवा घेण्याआधी या तिन्ही गोष्टी याच क्रमाने तपासा. चारपाचशे रुपयांचा मल्टीमीटर त्याला पुरतो.

सुरुवात करण्याआधी एक ताकीद. डॅशबोर्डखाली पिवळ्या रंगाचे कपलर दिसले, तर ते बहुधा एअरबॅगचे असतात. त्यांत मीटरची टोकं खुपसू नका, टेस्ट लॅम्प तर अजिबात लावू नका. इतर वायरी सोडवताना किंवा जोडतानाही बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा.

आता जाग. बाहेरून घेतलेल्या टेपच्या वायरींचे रंग बरेचसे ठरलेले आहेत. पिवळी कायम बारा व्होल्टची, लाल चावीवरची, काळी अर्थ. पांढरी आणि राखाडी पुढच्या स्पीकरांची, हिरवी आणि जांभळी मागच्यांची; त्याच रंगावर काळी रेघ असली की ती निगेटिव्ह. गाडीच्या मूळ वायरींना हे रंग लागू नाहीत, तिथे प्रत्येक कंपनीचा आपला हिशेब. टेपच्या याच जुड्यात निळी आणि निळ्यावर पांढरी रेघ अशा दोन वायरी असतात, आणि बरीच डोकेदुखी या जोडीतून निघते. निळी आहे अँटेनासाठी, पांढऱ्या रेघेची अ‍ॅम्पसाठी. सोसायटीच्या टाकीला पाणी असलं तरी पंपाचा खटका कोणीतरी दाबावा लागतो, तसं अ‍ॅम्पकडे बॅटरीची जाड वायर असूनही या बारीक वायरीवर बारा व्होल्ट आल्याशिवाय तो सुरू होत नाही. साध्या गाडीत ही वायर मोकळीच सोडायची असते, आणि त्या सवयीने ती इथेही मोकळी सोडली जाते. कधी ती निळीला जोडली जाते, मग एफएम लावला की गाणी वाजतात आणि ब्लूटूथवर गेलं की सगळं गप्प, कारण कित्येक टेप फक्त रेडिओ चालू असतानाच अँटेनाला वीज देतात. ‘रेडिओ चालतो, बाकी काही चालत नाही’ ही तक्रार ऐकली की मी आधी निळी वायर बघायला सांगतो.

मोजायचं ते अ‍ॅम्पच्या कपलरवर, टेपच्या मागे नाही. टेपकडे व्होल्टेज आहे आणि अ‍ॅम्पकडे नाही, तर वाटेतली वायर तुटलेली आहे किंवा गाडीत ती मुळातच नाही. मीटरचं काळं टोक बॉडीच्या उघड्या पत्र्याला, लाल टोक जाग देणाऱ्या वायरीला. टेप चालू असताना अकरा ते तेरा व्होल्ट आणि बंद केल्यावर शून्य दिसलं, की अ‍ॅम्पला जाग देण्याचा प्रश्न मिटला. त्याच बैठकीत अ‍ॅम्पचा फ्यूज आणि जाड वायरीवरचं व्होल्टेजही बघून घ्या. ही निळी-पांढरी वायर साधारण तीनशे मिलिअँपिअरपर्यंतच करंट द्यायला बनवलेली असते. तिच्यावर दुसरा अ‍ॅम्प, थंड करायचा पंखा आणि डिकीतली निळी एलईडी पट्टी चढवली, तर टेपच्या आतला भाग जळतो. जास्त भार हवा असेल तर मध्ये रिले घाला.

अलीकडच्या गाड्यांत आणखी एक अडचण आहे. काहींत ‘चावी लागली’ किंवा ‘अ‍ॅम्प चालू कर’ हे सांगणारी वेगळी वायरच नसते. तो निरोप कॅन बस नावाच्या दोन पिळलेल्या वायरींवरून डिजिटल संदेश म्हणून जातो. मीटरवर बारा व्होल्ट शोधून काही हाती लागत नाही. अशा गाडीला त्या मॉडेलसाठीचा कॅन बस डबा लागतो आणि टेपच्या सेटिंगमध्ये गाडीचा प्रकार नेमका निवडावा लागतो. निवड चुकली की स्टिअरिंगवरची बटणं चालतात, रिव्हर्सचा कॅमेरा चालतो, आणि अ‍ॅम्प मात्र झोपलेला. काही अ‍ॅम्पना व्होल्यूमचा आणि पुढे-मागे आवाज वाटण्याचा आदेशही याच वायरींवरून हवा असतो. तो मिळाला नाही तर ते मुके राहतात किंवा एकाच बारीक पातळीवर अडकतात, आणि नव्या टेपवरचा फेडर कितीही फिरवला तरी फरक पडत नाही. इथे वायरिंगमध्ये दोष शोधत बसण्यात अर्थ नाही.

अ‍ॅम्प जागा आहे आणि तरी आवाज नाही, की सिग्नलकडे वळायचं. टेपला दोन तऱ्हांची तोंडं असतात. मागचे आरसीए सॉकेट दोन ते पाच व्होल्टचा हलका सिग्नल देतात. स्पीकरच्या वायरींवर टेपच्या आतला छोटा अ‍ॅम्प काम करतो आणि सिग्नल दहा व्होल्टच्या आसपास जातो. कंपनीचा अ‍ॅम्प यांपैकी कोणता मागतो, ते गाडीगणिक बदलतं. हलका मागणाऱ्याला स्पीकरच्या वायरी जोडल्या, तर व्होल्यूम थोडा वाढवताच आवाज फाटतो, आणि अ‍ॅम्पचा पुढचा भाग निकामी होण्याचीही भीती असते. स्पीकरच्या ताकदीचा मागणाऱ्याला आरसीए दिला, तर व्होल्यूम पूर्ण वाढवूनही गाणं शेजारच्या गाडीतून आल्यासारखं वाटतं आणि मागे सूं सूं राहते.

जुना टेप हाताशी असेल, तर गाडी काय मागते ते आधीच कळू शकतं. तो चालू करून त्याच्या आवाजाच्या प्रत्येक वायरीचं बॉडीपासूनचं डीसी व्होल्टेज मोजा. दोन्ही वायरींवर सहाच्या आसपास, म्हणजे बॅटरीच्या निम्मं, दिसलं तर तो स्पीकरच्या ताकदीचा आहे. आजच्या टेपमध्ये स्पीकरची निगेटिव्ह म्हणजे अर्थ नव्हे, हे त्याच निम्म्या व्होल्टेजमुळे लक्षात येईल. काळ्या रेघेच्या चारही वायरी एकत्र पिळून बॉडीला लावायची जुनी रीत या टेपांना मारक आहे.

अ‍ॅम्पचा दोष आहे की टेपचा, हे ठरवायला मला आवडणारी चाचणी जुन्या फोनची आहे. ज्याला हेडफोनचं भोक आहे असा फोन, तिथून आरसीएला जाणारी साधी वायर, आणि व्होल्यूम अगदी खालून सुरू करून ती अ‍ॅम्पच्या इनपुटला. जोडताना आतली तार पॉझिटिव्हला, बाहेरची जाळी निगेटिव्हला. बारीक का होईना पण स्वच्छ आवाज आला, तर अ‍ॅम्प आणि स्पीकर शाबूत आहेत. गोंधळ टेपच्या बाजूला आहे.

स्पीकरच्या वायरींची ताकद अ‍ॅम्पला जास्त होत असेल तर मध्ये लाइन आउटपुट कन्व्हर्टर नावाची डबी घालतात. ती स्पीकरचा सिग्नल उतरवून देते, आणि तिच्यावरचे स्क्रू फिरवून पातळी बसवता येते. आधी टेपचा व्होल्यूम तीन चतुर्थांश, बास आणि ट्रेबल शून्यावर, ‘लाउड’ बंद. मग स्क्रू हळूहळू उघडत जायचा. आवाज खरखरायला लागला की थोडा मागे. कंपनीचा अ‍ॅम्प बहुधा त्या दरवाजांसाठी आणि त्याच स्पीकरांसाठी जुळवलेला असतो. त्यावर टेपचा इक्वलायझर दरीच्या आकारात लावला की बास घुमतो आणि गाणाऱ्याचा गळा बसतो.

या सगळ्याला कंटाळून एक पळवाट सुचवली जाते: कंपनीचा अ‍ॅम्प बाजूला काढा आणि स्पीकर थेट टेपला जोडा. मला ती पटत नाही. अशा गाड्यांतले स्पीकर पुष्कळदा दोन ओहमचे असतात, आणि बहुतेक टेप चार ओहमसाठी बनवलेले. निम्मा रोध म्हणजे दुप्पट करंट. टेप तापतो, मोठ्या आवाजाला बंद पडतो, थंड झाला की पुन्हा बोलतो. खोक्यावरच्या ‘५० वॅट गुणिले ४’ वर भरवसा ठेवू नका. गाडी चालू असताना बॅटरीवर असतात साधारण १४.४ व्होल्ट, आणि तेवढ्यातून चार ओहमच्या स्पीकरला, गणिताने काहीही वाया न घालवता, निघतात पंचवीस-सव्वीस वॅट. प्रत्यक्षात वीसच्या आसपास. थेट जोडायचंच असेल तर स्पीकर काढून मीटरने ओहम मोजा. चार ओहमचा स्पीकर मीटरवर तीन ते पावणेचार दाखवतो. दोनच्या खाली आकडा आला तर तो विचार सोडा.

शिट्टी आणि घुमणं हे बहुधा अर्थचं काम. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर शिट्टी चढत-उतरत असेल, तर ती अल्टरनेटरची आहे. उभ्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबून पाहा. मुरबाडकडे जाताना शहाडच्या उड्डाणपुलावरच्या रांगेत ही चाचणी न मागताही होते. आधी फोनचं चार्जिंग काढा. ऑक्सला लावलेला फोन त्याच गाडीतून चार्ज होत असला, की शिट्टी तिथूनच शिरते. ब्लूटूथवर ती नसेल तर निकाल लागला. मग गाडी बंद करून आरसीए अ‍ॅम्पपासून काढा आणि पुन्हा चालू करा. शिट्टी तरीही आहे, तर अ‍ॅम्पची वीज किंवा अर्थ. गेली, तर टेपची बाजू. बॅटरीच्या निगेटिव्हपासून टेपच्या काळ्या वायरीपर्यंत आवाज मोठा असताना व्होल्टेज मोजा. ०.१ पेक्षा जास्त दिसलं तर ती अर्थ कच्ची आहे. डॅशबोर्डच्या पट्टीला, रंगावरच स्क्रू आवळून दिलेली अर्थ बऱ्याचदा सापडते. रंग खरवडून, उघड्या पत्र्याला, घट्ट. बंद-चालू करताना येणारी ‘धप्प’ मात्र अर्थची नसते. टेप आणि अ‍ॅम्प मागेपुढे जागे होतात त्याची असते, आणि टेपच्या सेटिंगमध्ये म्यूटचा अवधी असेल तर तो वाढवून ती जाते.

आवाज सगळीकडून येतो पण मधोमध बसल्यावर बास नाहीसा होतो? मग एखाद्या स्पीकरच्या दोन वायरी उलट्या आहेत. दीड व्होल्टचा सेल वूफरच्या वायरींना क्षणभर टेकवा. पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह असेल तर पडदा बाहेर येतो. ही चाचणी वूफरपुरतीच, आणि अ‍ॅम्पपासून वायरी सोडवूनच.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट बघावी लागते. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली, आणि २०१९ च्या जुलैत पुन्हा. वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली तो हाच पूर. पुराचं पाणी गाडीतल्या ज्या जागा सर्वांत आधी गाठतं, त्यांपैकी एक म्हणजे सीटखालचा अ‍ॅम्प. जुनी गाडी घेताना गालिचा उचलून कपलर काढा. पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर असेल तर टेपला दोष देऊ नका. संपर्क साफ करायचा स्प्रे मारून काही गाड्या सुधारतात. सर्किटवरच गंज चढला असेल तर दुसरा अ‍ॅम्प घ्यावा लागतो.

बऱ्याच जुन्या मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडीमध्ये मात्र मल्टीमीटर फार उपयोगाचा नाही. तिथे टेप आणि अ‍ॅम्प यांच्यात तांब्याची वायर नसते, प्लास्टिकच्या तंतूतून लाल उजेड धावतो, आणि तोही वर्तुळात. टेप काढला की वर्तुळ तुटतं आणि त्यावरची इतर उपकरणंही मुकी होतात. त्या मॉडेलसाठीचा इंटरफेस घेतल्याशिवाय काम होत नाही, आणि तो टेपइतकाच महाग पडू शकतो. खर्च विचारून मगच टेप घ्यावा. कुठल्याही गाडीत मूळ वायरी कापण्याऐवजी त्या मॉडेलचा तयार कपलर वापरावा: वॉरंटीच्या वादात आणि गाडी विकताना तो कामाला येतो.

काम झाल्यावर गाडी बंद करून, दारं लावून, अर्धा तास थांबा. मग मीटरची लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात लावून मीटर बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मालिकेत जोडा. निगेटिव्ह सुटू न देता आधी मीटर जोडून घेतला तर गाडी पुन्हा जागी होत नाही. करंट पन्नास मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. त्याहून बरंच जास्त असेल, तर लाल आणि पिवळी एकत्र जोडलेल्या आहेत किंवा अ‍ॅम्प रात्रभर जागाच राहतोय. फ्यूज एकेक काढत जा. ज्याने आकडा पडतो, ती वायर.