चेक टाकला, पण पैसे हातात कधी येतात?



सातनाला असो की मत्तडीवागू, जाळं ओढलं की मासोळी त्याच दिवशी विकावी लागते. बर्फात तरी किती ठेवणार? रोख किंवा फोनवर पैसे आले तर प्रश्नच नाही. पण मोठा माल उचलणारा व्यापारी चेक देतो, आपण तो बँकेत टाकतो आणि घरी येऊन विचारत बसतो, झाले का पैसे? कुणी सांगते तीन दिवस, कुणी सांगते आठ दिवस. आता नियम बदललेला आहे, तो नीट समजून घ्या.

आधी एक गोष्ट. व्यापाऱ्याचं आणि आपलं खातं एकाच बँकेत असेल तर चेक बाहेर कुठं जात नाही. शिल्लक असली की बहुतेक वेळा त्याच दिवशी पैसे इकडून तिकडे होतात. दुसऱ्या बँकेचा चेक असेल तर तो क्लिअरिंगला जातो.

क्लिअरिंगला कागद जात नाही, त्याचा फोटो जातो. आपली बँक चेक स्कॅन करते आणि व्यापाऱ्याच्या बँकेला पाठवते. पूर्वी यासाठी चेन्नई, मुंबई आणि दिल्ली असे तीन गट होते. आपला तेलंगणा चेन्नईत आणि पैनगंगेपलीकडचा महाराष्ट्र मुंबईत. म्हणजे नदी एक, पण चेकचा रस्ता वेगळा. आता देशभर एकच जाळं झालं आहे. पांढरकवड्याचा चेक असो की हैदराबादचा, बँकेनं "बाहेरगावचा आहे, वेळ लागेल" असं सांगायचं कारण उरलं नाही.

आता वेळेचं बघा. आधी दिवसभराचे चेक गोळा करून एकदम पाठवायचे, त्यामुळं दुसरा दिवस उजाडायचा. 4 ऑक्टोबर 2025 पासून रिझर्व्ह बँकेनं ते बंद केलं. चेक आला की लगेच स्कॅन करून पाठवायचा. समोरच्या बँकेनं त्याच दिवशी संध्याकाळी 7 च्या आत हो किंवा नाही सांगायचं. सांगितलंच नाही तर चेक मंजूर झाला असं धरतात. बँकांचा आपसातला हिशेब दर तासाला होतो आणि तो झाल्यावर आपल्या बँकेनं एका तासाच्या आत आपल्याला पैसे मोकळे करून द्यायचे. 3 जानेवारी 2026 पासून तर समोरच्या बँकेनं तीन तासांतच उत्तर द्यायचं, असं ठरलं होतं. तो टप्पा रिझर्व्ह बँकेनं पुढं ढकलला आहे. म्हणून कुणी "तीन तासांत भेटते" म्हणाला तर त्या भरवशावर बियाणं किंवा जाळं उधार आणू नका.

सकाळी टाकलेला चेक संध्याकाळपर्यंत व्हायला पाहिजे, एवढं धरून चाला. पण तो सकाळीच टाका. प्रत्येक शाखेची चेक घ्यायची वेळ ठरलेली असते. ती उलटल्यावर पेटीत टाकलेला चेक दुसऱ्या दिवशी जातो आणि मध्ये रविवार किंवा दुसरा-चौथा शनिवार आला तर आणखी पुढं. पेटीपेक्षा खिडकीवर देऊन पावतीवर शिक्का घेतलेला बरा. लहान बँका दुसऱ्या मोठ्या बँकेमार्फत क्लिअरिंग करतात, तिथं वेळ जास्त लागू शकतो. आपल्या शाखेत एकदा विचारून ठेवा.

पासबुकात रक्कम दिसली म्हणजे ती उचलता येईलच असं नाही. चेक वटायच्या आधी काही बँका नोंद दाखवतात, पण पैसे अडकवून ठेवतात. "वापरता येणारी शिल्लक किती?" असंच विचारा.

चेक घेताना तिथंच वाचा. नावात खाडाखोड नको, आकड्यात तर नकोच. तारखेशिवाय कुठलीही दुरुस्ती चालत नाही. आपल्याकडं मराठी नावं तेलुगूतून इंग्रजीत जाता जाता काहीची काही होतात, तेव्हा पासबुकावरचं स्पेलिंग व्यापाऱ्याला लिहूनच द्या. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो. रक्कम 50,000 किंवा जास्त असेल तर व्यापाऱ्याला विचारा की त्यानं चेकची माहिती आपल्या बँकेला आधी कळवली का. याला पॉझिटिव्ह पे म्हणतात. 5 लाख आणि वरच्या चेकला काही बँका हे सक्तीचं करतात, न कळवल्यास चेक परत येऊ शकतो.

शिल्लक नाही म्हणून चेक परत आला तर बँकेचा मेमो जपून ठेवा. तो कळल्यापासून 30 दिवसांत व्यापाऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर त्याला 15 दिवस असतात. तरी पैसे दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार करायची. बरेच जण इथंच हात टेकतात, "यवतमाळला कोण चकरा मारणार" म्हणून. 2015 च्या दुरुस्तीनंतर तशी गरज नाही. आपण आपल्या खात्यात टाकलेला चेक असेल तर आपलं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात केस चालते. चकरा व्यापाऱ्याला माराव्या लागतील.

आणि चेक चांगला असून बँकेनंच उशीर लावला तर? प्रत्येक बँकेचं चेक वसुलीचं धोरण असते, उशिराचं व्याज किती ते त्यात लिहिलेलं असते. शाखेत मागा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते, फुकटात. माहितीसाठी नंबर 14448, मराठीत आणि तेलुगूतही बोलता येते. फोन करताना शिक्क्याची पावती जवळ ठेवा, तारीख विचारतात.