गाठ निघाली, पण कागद काय सांगतो?

गटात कुणाचं ऑपरेशन झालं की आपण भेटायला जातो आणि म्हणतो, "निघाली ना गाठ, सुटलीस बाई." पण काढलेली गाठ तपासायला जाते आणि आठ-पंधरा दिवसांनी तिचा कागद येतो. तो बरेचदा घरातल्या पुरुषांच्या हातात पडतो आणि तिथून कपाटात जातो. जिची गाठ, तिला त्यात काय लिहिलंय ते माहीतच नसतं. आज आपण त्या कागदाबद्दल बोलणार आहोत. त्यासाठी आम्ही मेंदूच्या आवरणाची गाठ निवडली आहे, कारण ती पुरुषांपेक्षा बायकांत साधारण दुपटीनं आढळते.

कवटीच्या आत मेंदूभोवती तीन पदर असतात. बाहेरचा पदर गोधडीसारखा जाड असतो. मधला कोळ्याच्या जाळ्यासारखा विरविरीत, आणि आतला कांद्याच्या पापुद्र्यासारखा मेंदूला चिकटलेला. मधल्या पदरातल्या पेशी वाढत गेल्या की जी गाठ होते, तिला डॉक्टर मेनिन्जिओमा म्हणतात. हे नाव १९२२ साली हार्वे कुशिंग या अमेरिकी सर्जननं दिलं. ही गाठ मेंदूच्या आतली नसते, मेंदूच्या पांघरुणाची असते.

अशा १०० गाठींपैकी साधारण ८० साध्या असतात, म्हणजे कॅन्सर नव्हे. बांधावर वाढलेल्या भोपळ्यासारखी ही गाठ हळूहळू मोठी होते, मेंदूवर दाब देते, पण आत मुळं सोडत नाही. अलगद उचलता येते. काही गाठी मात्र हरळीसारख्या असतात. वरून खुरपलं तरी मातीत मुळी राहते आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटते. गाठ भोपळ्याची की हरळीची, हे स्कॅनवरून नेहमी कळत नाही. ते कळतं गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर, आणि तिथे मदतीला येतात प्रथिनं.

प्रथिनं म्हटलं की आपल्याला डाळ आणि अंडं आठवतं. पण शरीरातली प्रत्येक पेशी स्वतःच्या कामासाठी हजारो प्रकारची प्रथिनं बनवते. कुठलं प्रथिन आहे आणि कुठलं नाहीसं झालंय, यावरून त्या पेशीचा स्वभाव ओळखता येतो. तपासणारे डॉक्टर गाठीच्या पातळ कापावर असं औषध घालतात, की ठरावीक प्रथिन असेल तिथेच तपकिरी रंग चढतो.

पहिली खूण म्हणजे केआय-६७. पेशी दोन होण्याच्या तयारीत असते तेव्हाच हे प्रथिन तिच्यात असतं, स्वस्थ पेशीत नसतं. नावातलं 'केआय' जर्मनीतल्या कील शहरावरून आलं आहे. १०० पेशींपैकी किती रंगल्या, तो आकडा कागदावर टक्क्यांत लिहितात. साध्या गाठीत तो बहुधा पाचाच्या आत असतो. आकडा जास्त असेल तर गाठ लवकर परत येण्याची शक्यता वाढते. पण प्रत्येक प्रयोगशाळेची मोजणी थोडी वेगळी असते, म्हणून एवढ्या एका आकड्यावरून घाबरूही नये आणि निर्धास्तही होऊ नये.

दुसरी खूण प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर, कागदावर पीआर. प्रोजेस्टेरॉन हे आपल्या पाळीचं आणि गरोदरपणाचं संप्रेरक. त्याला धरून ठेवणारं हे प्रथिन साध्या गाठींत बहुतेक वेळा सापडतं. गाठ आडदांड होत गेली की ते नाहीसं होऊ लागतं. म्हणून 'पीआर पॉझिटिव्ह' वाचून दचकू नका, इथे ती बहुधा बरी बातमी असते.

आणखी काही प्रथिनांवर शास्त्रज्ञांचं लक्ष आहे. मर्लिन नावाचं प्रथिन पेशीच्या वाढीला ब्रेक लावतं. साधारण निम्म्या गाठींत हा ब्रेक निकामी झालेला आढळतो. ई-कॅडहेरिन पेशींना एकमेकींना चिकटवून ठेवतं. ही चिकटण सुटली की पेशी इकडेतिकडे सरकू शकतात. आणि एमएमपी नावाची प्रथिनं पेशींच्या भोवतालचं जाळं विरघळवून वाट काढतात. चिकटण सुटणं आणि वाट मोकळी होणं, गाठ आत शिरते ती अशी. ही शेवटची दोन मुख्यतः अभ्यासात तपासली जातात, त्यामुळे आपल्या कागदावर ती बहुधा दिसणार नाहीत.

गाठ मेंदूत शिरली का, हे ओळखायलाही एक प्रथिन कामी येतं. जीएफएपी हे मेंदूच्या आधारपेशींत असतं, आवरणाच्या गाठीत सहसा नसतं. म्हणून रंग दिला की मेंदूची हद्द कुठली आणि गाठीची कुठली, ते स्पष्ट दिसतं. गाठीची जीभ त्या हद्दीत घुसलेली दिसली तर कागदावर 'ब्रेन इन्व्हेजन' लिहितात. २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत एवढ्या एका कारणानंही गाठ ग्रेड २ मध्ये धरली जाते. ग्रेड १ साधी, ग्रेड २ मधली, ग्रेड ३ कॅन्सरची. ग्रेड ३ ला ऑपरेशननंतर किरणांचे उपचार लागतात, ग्रेड २ ला पुष्कळदा विचारात घेतात. ग्रेड १ सुद्धा काही वर्षांनी परत येऊ शकते, म्हणून तिलाही ठरल्या वेळी एमआरआय हवा.

आता एक प्रश्न तुमच्या मनात येईल. गाठीचा संप्रेरकाशी संबंध, तर मग पाळणा लांबवण्याच्या इंजेक्शनचं काय? सरकारी दवाखान्यात 'अंतरा' नावानं दर तीन महिन्यांनी मिळतं, त्यात प्रोजेस्टेरॉनसारखंच औषध असतं. २०२४ साली फ्रान्समधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे औषध वर्षभर किंवा जास्त काळ घेतलेल्या बायकांत ऑपरेशन लागणाऱ्या गाठीचा धोका साधारण साडेपाच पट दिसला. ऐकायला भीती वाटते. पण मुळात ही गाठच कमी जणींना होते. त्या अभ्यासात ऑपरेशन झालेल्या १८ हजारांवर बायकांपैकी हे इंजेक्शन घेतलेल्या अवघ्या ९ होत्या. तेव्हा मनानं इंजेक्शन बंद करू नका, नको असताना दिवस जाणं हाही धोकाच आहे. अनेक वर्षं घेत असाल तर सिस्टरशी किंवा डॉक्टरांशी बोला. तांबीत संप्रेरक नसतं, तो पर्याय विचारता येतो. पूर्वी ही गाठ झालेली असेल, तर कुठलंही संप्रेरकाचं औषध घेण्याआधी डॉक्टरांना ते सांगायलाच हवं.

प्रत्येक डोकेदुखी म्हणजे गाठ नव्हे. पण दुखणं आठवड्यागणिक वाढत असेल, सकाळी उठल्यावर उलटी होत असेल, मोठ्या वयात पहिल्यांदा फिट आली असेल, एका डोळ्याची नजर कमी होत असेल, एका बाजूचा हात-पाय लुळा वाटत असेल, तर अंगारा-धुपाऱ्यात दिवस घालवू नका, दवाखाना गाठा. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारा.

आणि ऑपरेशन झालेल्या मैत्रिणीनं डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत. ग्रेड कोणता? गाठ मेंदूत शिरली होती का? केआय-६७ आणि पीआर किती? पुढचा एमआरआय कधी? उत्तरं वहीत लिहून घ्या. कागद प्लॅस्टिकच्या फाइलीत ठेवा आणि दर तपासणीला सोबत न्या. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल, तर मेणात जपलेला गाठीचा तुकडा, म्हणजे ब्लॉक, प्रयोगशाळेकडून मागता येतो. एकटीला विचारायला संकोच वाटत असेल तर गटातली एक जण सोबत जा.

हप्त्याची तारीख आपण सगळ्या मिळून लक्षात ठेवतो. तशीच मैत्रिणीच्या एमआरआयची तारीखही गटाच्या वहीत लिहून ठेवूया.