कडकडाटामागचा चिकटपणा

एप्रिल-मेमध्ये परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या हवामान सल्ल्यात विजांच्या कडकडाटाचा इशारा असतो. विजेच्या वाटेतली हवा क्षणार्धात सुमारे 30,000 अंश सेल्सिअसपर्यंत तापते, स्फोटासारखी फुगते आणि आघात-तरंग सुटतो. जिंतूरच्या शिवारात ऐकू येणारा गडगडाट म्हणजे लांब जाता जाता ओसरलेला हाच तरंग. त्याची कड, म्हणजे दाब जिथे एकदम चढतो ती पुढची बाजू, घडवण्यात हवेच्या चिकटपणाचा, म्हणजे श्यानतेचा, मोठा वाटा आहे.

यावर आक्षेप येईल की हवेची श्यानता पाण्याच्या जेमतेम पन्नासाव्या हिश्शाएवढी. तिची मातब्बरी ती काय? पण मागचे दाबलेले, तापलेले थर अधिक वेगाने धावून पुढच्यांना गाठतात, दाबाचा चढ उभा होत जातो आणि चढ जितका उभा, तितके आतले घर्षण वाढते. दोन्ही तुल्यबळ होतात तेव्हा प्रखर तरंगाची कड मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असते. श्यानता आणखी कमी असती, तर कड आणखी पातळ झाली असती. उष्णतेत जिरणारी ऊर्जा मात्र तेवढीच राहिली असती. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी 1848 मध्ये अशी कड मांडली होती. ऊर्जेचा हिशेब जुळत नाही, हा केल्व्हिन आणि रॅले यांचा आक्षेप मान्य करून स्टोक्स यांनी ती नंतर मागे घेतली. कल्पना बरोबर होती; हरवलेली वाटणारी ऊर्जा हवा तापवण्यात खर्ची पडली होती.