प्रदर्शनात कानाला काय लावावे?

१९५२ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात पाहुण्यांच्या हाती छोटे रेडिओ देण्यात आले. डच, फ्रेंच, इंग्रजी वा जर्मन. ज्याची जी भाषा, तीत सर्वांना एकाच वेळी एकच माहिती ऐकू येई.

आपल्या बेटावर मजुरांच्या आगमनाचे प्रदर्शन मांडायचे, तर क्रिओल, फ्रेंच, इंग्रजी ठरलेल्याच. मग मराठीचे काय, हा प्रश्न आम्हांला पडतो. भोंग्यावर चार भाषा एकदम लावता येत नाहीत. हेडफोनमध्ये चौथी भाषा कुणाच्या आड येत नाही.

हल्ली जो तो ब्लूटूथ सुचवितो. एका माणसाच्या एका फोनला तो उत्तम. पण दर पाहुण्याला नव्याने जोडून द्यायचे, तर दाराशी रांग लागेल. शिवाय पडद्यावरचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो, असेही होते. इन्फ्रारेड किरण भिंतीपलीकडे जात नाहीत, म्हणून शेजारशेजारच्या खोल्यांना ते बरे. मात्र उन्हात ते गोंधळतात. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटासारख्या उघड्या, दगडी जागेत त्यांचा काय उपयोग? तेथे आमच्या मते रेडिओलहरींचाच संच घ्यावा. प्रत्येक भाषेला वेगळी वाहिनी. बटण दाबले की मराठी!

श्रवणयंत्र लावणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी गळ्यात घालायचे तारेचे वेटोळे मिळते, तेही चार-दोन मागवावेत. कानावरच्या गाद्या दरवेळी पुसाव्यात, बॅटऱ्या रात्री भरून ठेवाव्यात. आणि निवेदनाचा आवाज? तो आपल्याच एखाद्या आजीचा घ्या; मुंबईहून मागविलेली पुस्तकी वाणी नको.